भागायचं की गुणायचं?

रसायनशास्त्राच्या तासाला वर्गातून येणाऱ्या शंकांची यादी करायची ठरवली तर ती एका ओळीत संपते. "मॅडम, भागायचं का गुणायचं?" अणू कोणी पाहिला, सोडियम पाण्यात टाकला की पेट का घेतो, असल्या भानगडीत अकरावीचं पोर पडत नाही. त्याच्यासमोर दोन आकडे असतात. एक ग्रॅममध्ये, दुसरा ग्रॅम प्रति मोलमध्ये. या दोघांचं काहीतरी करायचं आहे हे त्याला दिसतं. बेरीज-वजाबाकी नक्की नाही, एवढं अनुभवाने कळलेलं असतं. उरले दोन पर्याय. छापा-काटा केला तरी निम्म्या वेळा उत्तर बरोबर यावं. पण आमची पोरं विचार करून ठरवतात, त्यामुळे तेवढंही जमत नाही.

तसं पाहिलं तर अख्ख्या धड्याचा जीव एवढासा. ग्रॅमचे मोल करायचे तर मोलर मासने भागा, मोलचे ग्रॅम करायचे तर गुणा. पाण्याचा एक मोल 18 ग्रॅमचा. 36 ग्रॅम पाणी म्हणजे दोन मोल, 9 ग्रॅम म्हणजे अर्धा. मिठाचा मोल 58.5 ग्रॅम, खायच्या सोड्याचा 84, साखरेचा 342. हे सगळं सांगून झालं तरी तासाची पंधरा मिनिटं उरतात. पण याच हिशोबाला 'स्टॉइकिओमेट्री' असं नाव देऊन पुस्तकात छापलं की त्याची धास्ती बसते, आणि धास्ती बसली की क्लास लागतो.

क्लासवाल्यांनी या दुखण्यावर त्रिकोण काढला आहे. वर वस्तुमान, खाली डावीकडे मोल, उजवीकडे मोलर मास. जे काढायचं त्यावर बोट ठेवायचं, उरलेले दोघे शेजारी दिसले तर गुणायचं, एकाखाली एक दिसले तर भागायचं. बोट ठेवण्यापलीकडे काहीही करावं लागत नाही. अडचण एवढीच की हाच त्रिकोण ओहमच्या नियमालाही लावतात, घनतेला लावतात, वेग-अंतर-वेळेला तर लावतातच. परीक्षेच्या दिवशी डोक्यात चार-पाच त्रिकोण फिरत असतात आणि वर कोण बसलं होतं ते आठवत नाही. एका उत्तरपत्रिकेत मी मिठाचे मोल किलोमीटर प्रति तासात आलेले पाहिले आहेत. पुढे मुलाने प्रामाणिकपणे 'उत्तर' असं लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या.

शिक्षकांकडे त्रिकोण नसतो, डझन असतो. जगाच्या पाठीवर कुठेही जा, मोल शिकवणारा माणूस पहिल्या पाच मिनिटांत डझनावर येतो. मीही येते. बारा अंडी म्हणजे एक डझन, बारा कलिंगडं म्हणजेही एक डझन. नग तेवढेच, पण वजन सारखं का? तसंच पदार्थाचं. एक मोल मीठ आणि एक मोल साखर यांत कणांची मोजदाद तीच, वजन मात्र ज्याचं त्याचं. एवढं सांगून मी वर्गाकडे पाहिलं, तर मागच्या बाकावरून हात वर आला.

"मॅडम, कलिंगड डझनावर कोण घेतं?"

हा मुलगा रिकाम्या गप्पा मारणारा नव्हे. त्याचे वडील आठवडी बाजारात बसतात. कलिंगड नगावर जातं, नाहीतर थेट शेतातून टनावर, आणि डझनावर फक्त केळी, अंडी आणि आंबे, हे त्याने वर्गाला समजावून सांगितलं. मग आंब्याची पेटी किती डझनी, जितके कमी डझन तितकं फळ मोठं, यावर चर्चा झाली. तिच्यात वर्गातल्या यच्चयावत मुलांनी भाग घेतला, आणि पेटीचं वजन साधारण तेच ठेवून नगाचं वजन आणि नगांची संख्या यांचा हिशोब त्यांनी तोंडी, न चुकता मांडला. भागायचं का गुणायचं हे एकानेही विचारलं नाही. मी खडू खाली ठेवला. तास संपला आणि पुढच्या तासाला सोडियम क्लोराइड निघाल्याबरोबर सगळे पुन्हा त्रिकोण काढायला लागले.

मिठाचं 58.5 निघालं की त्यातला अर्धा कुणाला तरी खटकतोच. क्लोरीनचा 35.5 म्हणजे अर्धा कण कुठून आला? निसर्गात क्लोरीन दोन वजनांचा मिळतो, 35 आणि 37, साधारण तिनास एक या प्रमाणात, म्हणून सरासरी 35.5 च्या आसपास येते. हे उत्तर मुलांना आवडत नाही. सरासरी या गोष्टीवर त्यांचा विश्वास नसतो, कारण वर्गाची सरासरी त्यांनी पाहिलेली असते.

खरी मजा बारावीच्या तोंडी परीक्षेत. बाहेरून आलेले परीक्षक पोहे-चहा आटोपून, टेबलावर जर्नलांची चवड घेऊन बसलेले असतात. ते एक सोपा प्रश्न म्हणून विचारतात, "मोल म्हणजे काय?"

"सर, सहा पॉइंट शून्य दोन दोन."

"सहा पॉइंट शून्य दोन दोन काय?"

"इन्टू दहाचा तेविसावा घात, सर."

"ते कळलं रे. पण काय? कशाचे?"

मुलगा छताच्या पंख्याकडे बघतो. तिथे काही लिहिलेलं नसतं. "सर... ग्रॅम?"

परीक्षक माझ्याकडे बघतात. मी ब्युरेटकडे बघते.

मुलाला दोष देण्यात अर्थ नाही. हा आकडा त्याच्यापर्यंत ज्या वाटेने आला ती वाटच चमत्कारिक आहे. ज्यांच्या नावाने तो ओळखला जातो ते अमेदेओ ॲव्होगाड्रो 1776 मध्ये इटलीतल्या तुरिनला जन्मले, आणि शिक्षणाने ते वकील. तेही चर्चच्या कायद्याचे. 1811 मध्ये त्यांनी म्हटलं की तापमान आणि दाब सारखा असेल तर सारख्या आकारमानाच्या कोणत्याही वायूत रेणूंची संख्या सारखीच. किती, ते त्यांनी सांगितलं नाही. त्यांना ठाऊकही नव्हतं. हे म्हणणं जवळपास पन्नास वर्षं कोणी फारसं मनावर घेतलं नाही. 1856 मध्ये ॲव्होगाड्रो गेले. 1860 मध्ये जर्मनीतल्या कार्ल्सरूहे गावी रसायनशास्त्रज्ञांची परिषद भरली. अणूंची वजनं कशी ठरवायची यावर तिथे वादावादी झाली आणि निकाल काही लागला नाही. निघता निघता कानिझारो नावाच्या इटालियन गृहस्थांची एक पुस्तिका लोकांच्या हाती पडली. तिच्यात ॲव्होगाड्रोंचं म्हणणं धरून सगळा हिशोब नीट लावून दाखवला होता. लोकांनी ती घरी जाऊन वाचली आणि तेव्हा कुठे गाडी मार्गाला लागली. प्रत्यक्ष अंकाला ॲव्होगाड्रोंचं नाव द्यावं असं 1909 मध्ये फ्रान्सच्या झाँ पेरँ यांनी सुचवलं. म्हणजे जो आकडा कधी काढला नाही, पाहिला नाही, तो मरणानंतर त्रेपन्न वर्षांनी नावावर लागला. वकिलाला या मुदतीचं आश्चर्य वाटलं नसतं.

पेरँ यांनी अणू मोजले ते गँबोज नावाच्या पिवळ्या डिंकावरून. त्याचे बारीक कण पाण्यात सोडून, खालच्या थरात किती आणि वरच्या थरात किती तरंगतात ते सूक्ष्मदर्शकाखाली डोळे फोडून मोजायचं, आणि त्यावरून पुढचा हिशोब. हा डिंक ज्या झाडाचा, ते झाड गार्सिनिया कुळातलं, म्हणजे आपल्या कोकमाच्या भावकीतलं. ही माहिती मी कोकणातल्या एका सहशिक्षिकेला दिली तेव्हा ती म्हणाली, "मग आमसुलं टाकली असती तर आकडा थोडा आंबट आला असता, एवढंच." रसायनशास्त्र शिकवणाऱ्यांचे विनोद हे असेच असतात. सवय होते.

'मोल' हा शब्द रूढ करणारे विल्हेल्म ओस्टवाल्ड यांची कथा त्याहून वरताण. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात त्यांनी हे माप चालू केलं, आणि त्या काळात अणू खरोखर असतात यावर त्यांचा अजिबात विश्वास नव्हता. त्यांच्या लेखी मोल म्हणजे फक्त ग्रॅममधलं एक सोयीचं वजन. पेरँ वगैरे मंडळींचे प्रयोग पाहून 1908-09 च्या सुमाराला त्यांनी मत बदललं, आणि 1909 चं रसायनशास्त्राचं नोबेलही त्यांनाच मिळालं. ते काही मत बदलल्याबद्दल नव्हे, दुसऱ्या कामाबद्दल. तेव्हा बारावीचा मुलगा तोंडी परीक्षेत मोलचे 'कशाचे' सांगू शकत नाही याचं मला हल्ली फारसं वाईट वाटत नाही. ओस्टवाल्डनेही 'ग्रॅम'च म्हटलं असतं.

1971 मध्ये वजन-मापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने मोलला मीटर, किलोग्रॅम, सेकंद यांच्या पंगतीत सातवं पान मांडून दिलं. बारा ग्रॅम कार्बन-12 मध्ये जितके अणू तितके कण म्हणजे एक मोल, अशी व्याख्या झाली. 20 मे 2019 पासून तीही गेली आणि सरळ आकडाच ठरला, 6.02214076 गुणिले दहाचा तेविसावा घात, ना एक कण कमी, ना जास्त. अमेरिकेत 23 ऑक्टोबरला सकाळी सहा वाजून दोन मिनिटांपासून संध्याकाळी सहा वाजून दोन मिनिटांपर्यंत मोल दिवस साजरा करतात, कारण तिकडे तारीख 10/23 अशी लिहितात. आपल्याकडे त्या सुमाराला एकतर सहामाहीचे पेपर, नाहीतर दिवाळीची सुट्टी. आकाशकंदील लावायचा तो लावतोच, पण त्याचं श्रेय ॲव्होगाड्रोंना मिळत नाही.

मात्र मोल आणि ग्रॅम यांचा व्यवहार खऱ्या अर्थाने ज्याच्या हातात असतो तो माणूस शिकवत नाही. तो प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीत असतो. आमच्याकडे गणपतमामा. शिक्षण सातवी, नोकरी माझ्याआधीची. मोल हा शब्द त्यांनी माझ्यादेखत कधी उच्चारलेला नाही. पण एक लिटर द्रावण करायला कोणता पदार्थ किती ग्रॅम घ्यायचा हे त्यांना पाढ्यांसारखं तोंडपाठ. "ऑक्झॅलिक सहा-तीन, परमँगनेट तीन-सोळा, मोहर एकोणचाळीस-दोन, कॉस्टिक चार, हायपो चोवीस-आठ." हे म्हणत ते वजन करतात. यातल्या प्रत्येक आकड्यामागे एक मोलर मास उभं आहे, आणि कुणीतरी, कधीतरी, नॉर्मॅलिटीच्या जमान्यात, ते गुणून-भागून मामांना सांगून ठेवलं आहे. तो शिक्षक निवृत्त झाला, अभ्यासक्रम चारदा बदलला, नॉर्मॅलिटी जाऊन मोलॅरिटी आली. सहा-तीन कायम आहे.

मध्यंतरी एका वर्षी बोर्डाच्या प्रात्यक्षिकाच्या दिवशी या पाढ्याला ठेच लागली. प्रयोग नेहमीचा, ऑक्झॅलिक आम्ल आणि पोटॅशियम परमँगनेटचं टायट्रेशन. कॉनिकल फ्लास्कमध्ये दहा मिली ऑक्झॅलिक घ्यायचं, सौम्य सल्फ्युरिक घालायचं, हाताला चटका बसेल इतपत गरम करायचं आणि वरून ब्युरेटमधून जांभळं परमँगनेट थेंब थेंब सोडायचं. थेंब पडतो, रंग नाहीसा होतो. पुन्हा पडतो, पुन्हा नाहीसा. मग एका थेंबाला फिक्का गुलाबी रंग राहतो, जात नाही. तोच एंड पॉइंट. आमच्या द्रावणांना तो दहा मिलीला येतो, हे शाळा सोडल्याच्या दाखल्यावर छापल्याइतकं सर्वांना माहीत. आदल्या वर्षीच्या मुलांच्या जर्नलात 10.1, 10.0, 10.1 अशी रीडिंग्ज असतात, त्याआधीच्या वर्षीच्याही तशीच.

त्या दिवशी सकाळच्या तुकडीत दहाला काहीच झालं नाही. अकरा, बारा, तेरा, तरी रंग जातोय. चौदाला गुलाबी. बहुतेकांनी इकडेतिकडे पाहिलं, फ्लास्क बेसिनमध्ये ओतला आणि वहीत 10.1 लिहिलं. फक्त कलिंगडवाल्या मुलाने तीनदा प्रयोग केला, तिन्ही वेळा 14.0 आलं, आणि त्याने ते लिहिलं. परीक्षकांनी त्याच्या वहीवर लाल पेन टेकवलं आणि माझ्याकडे पाहिलं.

मी मागच्या खोलीत गेले. टेबलावर ऑक्झॅलिकची नवी बाटली. लेबलवर नावाच्या खाली, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात, 'निर्जल' या अर्थाचा शब्द. नेहमी येतं त्या ऑक्झॅलिकच्या स्फटिकात पाण्याचे दोन रेणू अडकलेले असतात, त्याचं मोलर मास 126. पाणी काढून टाकलेल्याचं 90. मामांनी नेहमीप्रमाणे सहा-तीन वजन केलं होतं. पण त्यात यंदा पाण्याचा भरणा नव्हता, सगळा माल अस्सल. वजन तेच, मोल जास्त. 126 ला 90 ने भागलं की 1.4 येतात. दहाचे चौदा.

मामांना मी हे सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे नेहमीच्यात पाणी असतं, आणि यात नाही."

"हो."

"मग मी घालतो की वरून."

यावर हसू यायला हवं. पण जरा आकडे मांडून पाहा. लिटरभर द्रावणात डिस्टिल्ड पाणी घालून त्याचं 1.4 लिटर केलं तर हिशोब तंतोतंत बसतो. मामांनी मोजपात्र काढलं, पाणी घातलं, बाटली हलवली, आणि दुपारच्या तुकडीचं ऑक्झॅलिक तयार झालं. पहिला फ्लास्क मी स्वतः करून पाहिला, एंड पॉइंट दहाला आला.

पण तोवर सकाळची तुकडी बाहेर पडून वडापावच्या गाडीवर पोचली होती. दुपारच्या तुकडीला फाटकातच बातमी मिळाली होती की यंदा उत्तर चौदा आहे. त्यांच्या फ्लास्कमध्ये दहाला गुलाबी रंग आला. त्यांनी तो पाहिला, आणि झाडून सगळ्यांनी 14.0 लिहिलं. परीक्षकांनी दोन्ही गठ्ठे शेजारी ठेवले, बराच वेळ पाहिले, दुसरा चहा मागवला आणि सर्वांना सारखे गुण दिले. बोर्डाच्या परीक्षेत न्याय हा असा होतो. कलिंगडवाला मुलगा पुढे फार्मसीला गेला. बरं झालं. तिथे वजन आणि मोल दोन्ही जपावं लागतं.

हे सगळं कॉलेजच्या फाटकाच्या आत राहतं, बाहेरच्या जगाला मोलशी काय देणंघेणं, अशी माझी समजूत भाऊजी मेलबर्नला जाईपर्यंत होती.

भाऊजी म्हणजे ताईचे यजमान, बँकेतून निवृत्त. साखरेचा त्रास जुना, आणि साखरेची वही त्याहून जुनी. फास्टिंग, पीपी, तारीख, वार, आदल्या दिवशी काय खाल्लं, आणि ते कुणी आग्रह केला म्हणून खाल्लं, असे रकाने. लेकीकडे गेले तेव्हा इथल्या यंत्राच्या पट्ट्या संपल्या, आणि तिने तिथल्या दुकानातून नवं यंत्र आणून दिलं. दुसऱ्या दिवशी माझा चहा गॅसवर असताना व्हिडिओ कॉल.

"अगं, माझी शुगर आठवर आली आहे."

पडद्यावर भाऊजींचा अर्धा चेहरा आणि यंत्र. यंत्रावर 7.9. वहीच्या शिस्तीप्रमाणे त्यांनी ते पूर्णांकात केलं होतं. आता आपल्याकडच्या हिशोबाने आठ साखर असलेला माणूस फोन करत नाही, त्याच्याबद्दल दुसरे कुणीतरी फोन करतात. भाऊजींचा रंग चांगला होता, मागे ताई पोळ्या लाटत होती. "हे तीन महिन्यांची साखर दाखवतं का?" त्यांनी विचारलं. प्रश्न अगदीच वेडा नव्हता. एचबीएवनसीचे आकडे असेच सात-आठच्या घरात असतात.

भानगड सरळ होती. भारतात आणि अमेरिकेत रक्तातली साखर मिलिग्रॅममध्ये सांगतात, शंभर मिली रक्तात किती. इंग्लंड, कॅनडा, ऑस्ट्रेलियात ती मिलिमोलमध्ये सांगतात, लिटरभर रक्तात किती. म्हणजे आमच्या अकरावीचं उदाहरण भाऊजींच्या बोटातून थेंबाथेंबाने बाहेर येत होतं. ग्लुकोजचं मोलर मास 180. मोलचे ग्रॅम करायचे म्हणून 180 ने गुणायचं, आणि लिटरवरून शंभर मिलीवर यायचं म्हणून दहाने भागायचं. राहिले अठरा.

"अठराने गुणा," मी म्हटलं.

"भागायचं नाही ना?"

"गुणा."

7.9 गुणिले 18, म्हणजे 142. भाऊजींचा चेहरा पडला. काल संध्याकाळी, साखर आठवर आली या आनंदात, त्यांनी श्रीखंड खाल्लं होतं. वहीत तशी नोंद होती, आग्रह करणाऱ्याच्या रकान्यात 'स्वतः'.

तरीही अठरा हा आकडा त्यांना आवडला. पंचेचाळीस वर्षं व्याजाचे दर लावलेला माणूस. एक दर मिळाला की तो सगळ्या खात्यांना लावायचा. "पाण्याचंही अठराच ना? तुझ्याच तोंडून ऐकलंय." मी सांगितलं की हा योगायोग आहे, पाण्याचे अठरा वेगळे, हे 180 चे दहावे. योगायोगाला बँकेत रकाना नसतो. त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

पुढच्या आठवड्यात लेकीने त्यांची सगळी रक्ततपासणी करून घेतली. कोलेस्टेरॉल 5.2 आलं. भाऊजींनी अठराने गुणलं. त्र्याण्णव पूर्णांक सहा! आयुष्यात कधी दीडशेच्या खाली न आलेला माणूस. ताईने मला फोनवर कुजबुजत सांगितलं की हे तेव्हापासून रोज सकाळी तूप वाढून घेतात. त्याच कागदावर क्रिएटिनिन 97 होतं. तेही अठराने गुणल्यावर आले 1746. आपल्याकडे ते एक-सव्वाच्या आसपास असतं, हे साखरवाल्या प्रत्येक माणसाला ठाऊक. भाऊजींनी चष्मा काढून ठेवला आणि लेकीला सांगितलं की तिकीट लवकरचं कर, काय व्हायचं ते घरी होऊ दे.

मग मी सगळं पहिल्यापासून सांगितलं. कोलेस्टेरॉलचा रेणू बोजड, त्याचं मोलर मास 386 च्या पुढे, म्हणून तिथे अठरा नव्हे, 38.67. तुमचं खरं कोलेस्टेरॉल 201. तूप बंद. क्रिएटिनिनचं मोलर मास 113. शिवाय ते इतकं कमी असतं की त्याला मिलिमोलही मोठा पडतो, मायक्रोमोलमध्ये सांगतात. तिथे गुणायचं नाही, 88.4 ने भागायचं. 97 चे झाले 1.1. किडनी ठीक, तिकीट बदलू नका.

भाऊजी गप्प होते. मग बँकेतल्या हिशोबनिसाच्या आवाजात म्हणाले, "म्हणजे प्रत्येकाचा दर वेगळा."

तीस वर्षं मी जे वर्गात सांगायला धडपडते ते या माणसाने मेलबर्नच्या स्वयंपाकघरात एका वाक्यात सांगितलं. हुरूप येऊन मी त्यांना सिलिकॉनच्या गोळ्याची गोष्ट सांगितली. ॲव्होगाड्रोचा अंक काटेकोर काढायचा म्हणून शास्त्रज्ञांनी सिलिकॉन-28 चा किलोभर वजनाचा, सुमारे 94 मिलिमीटर व्यासाचा गोळा केला. त्याच्याइतकी गोल वस्तू माणसाने क्वचितच घडवली असेल. त्यातले अणू त्यांनी स्फटिकाच्या रचनेवरून मोजले, आणि असे गोळे घासून गुळगुळीत केले ते ऑस्ट्रेलियात, सिडनीत. "बघा, तुमच्याच देशात."

"सिडनीत," भाऊजी म्हणाले. "मेलबर्न वेगळं." इतक्यातच ते तिथले झाले होते.

त्यानंतर फ्रिजवर तक्ता लागला. साखर, गुणिले 18. कोलेस्टेरॉल, गुणिले 38.67. क्रिएटिनिन, भागिले 88.4, आणि 'भागिले' लाल शाईत. जवळच्या बागेत संध्याकाळी मुलांकडे आलेले आई-वडील जमतात. नाशिकचे, सोलापूरचे, एक जोडपं मडगावचं. प्रत्येकाच्या खिशात कुठला तरी रिपोर्ट असतोच. भाऊजी चष्मा लावून दर सांगतात. सल्ला देत नाहीत, फक्त रूपांतर करून देतात, आणि खाली तारीख घालून सही करतात. सहीची गरज नाही, पण त्याशिवाय त्यांना कागद पुरा झाल्यासारखा वाटत नाही.

परवा पुन्हा फोन आला. मडगावच्या काकांच्या रिपोर्टात ट्रायग्लिसराइड होतं. "याचा दर सांग. आणि मोलर मासही सांग, मी आता दर स्वतः काढतो."

इथे मात्र माझी पंचाईत झाली. ट्रायग्लिसराइड हा एक पदार्थ नाही. ती वेगवेगळ्या लांबीच्या चरबीच्या रेणूंची मिसळ असते, ज्याने जे खाल्लं त्याप्रमाणे. नेमकं मोलर मास असं त्याला नाही. सगळ्यांनी मिळून सरासरी 885.7 धरायचं ठरवलं आहे, म्हणून 88.57 ने गुणतात.

"धरायचं ठरवलंय?" भाऊजींनी विचारलं. "कुणी?"

"सगळ्यांनी."

"लेखी आहे ना कुठेतरी?"

"आहे."

पलीकडे पेन शोधल्याचा आवाज आला. मग त्यांनी फ्रिजवरच्या तक्त्यात चौथी ओळ लिहिली आणि मला वाचून दाखवली. "ट्रायग्लिसराइड, गुणिले 88.57. कंसात, सर्वानुमते."